मला मिशा नाहीत!

"माझा चार्जर कोणी काढला?"

प्रणालीने हे अशा सुरात विचारलं की वांग्याच्या भाजीत झारा फिरवणारा आचारी दोन पावलं मागे सरकला. रामाकोन्याला मामेबहिणीच्या लग्नघरी सकाळपासून लाइट येऊन-जाऊन होती. जनरेटरवर चालणारा प्लग एकच, तोही मांडवामागे, भट्टीला लागून. तो मिळवण्यासाठी तिने एका मामीला गोड बोलून उठवलं होतं आणि डीजेवाल्याला चक्क 'दादा' म्हटलं होतं. चार्जर लावून ती मोबाइलची पर्स आणायला गेली, आणि आता तो पांढरा चार्जर कांद्याच्या पोत्यावर अनाथासारखा लोळत होता, आणि प्लगमध्ये कुणाची तरी काळी वायर!

ती त्या वायरच्या मागोमाग गेली. वायरच्या दुसऱ्या टोकाला, संत्र्याच्या उलट्या कॅरेटवर, एक मुलगा बसला होता. क्रीम रंगाचा कुर्ता, एका कानावर घसरलेला गुलाबी फेटा, आणि नजर मोबाइलमध्ये अशी बुडालेली की मांडव उडून गेला असता तरी त्याला कळलं नसतं.

"ओ फेटेवाले!"

त्याने वर पाहिलं. डोळे… हं, डोळे बरे होते. पण चोराचे डोळे बरे असले म्हणून काय झालं?

"तुमचा होता का जी तो चार्जर?" तो उठला, तर फेटा दुसऱ्या कानावर आला. "माफ करजा. माझा मोबाइल बंदच पडून राहिला होता, अन् लय महत्त्वाचं काम होतं."

"अन् माझं काय, बिनमहत्त्वाचं होतं?"

"तसं नाही… पण आम्ही वरपक्षाचे आहोत नं." तो हसला. "वरपक्षाचा मान असते म्हणतात."

"मान पंगतीत असते. प्लगमध्ये नसते!"

आचारी खुदकन हसला. तोही हसला. प्रणाली मात्र हसणार नव्हती. ती वायर उपटायला वाकली, आणि तेवढ्यात तिची नजर त्याच्या स्क्रीनवर गेली. निळा किल्ला, धुकं, त्यातून उडणारा पंखवाला साप. नीलगड! आणि वरच्या कोपऱ्यात खेळाडूचं नाव — 'भूप सौंसरकर, सरदार, सातपुडा टोळी'.

तिचा हात तिथंच थांबला.

हा? हाच तो?

आता हे नीलगड प्रकरण सांगायलाच हवं. नीलगड म्हणजे जादूच्या राज्याचा खेळ. तुम्ही एक पात्र घ्यायचं, तलवार चालवायची, मंत्र शिकायचे, गावंच्या गावं वाचवायची. खेळाडूंनी खेळ सुधारायला सूचना द्याव्यात म्हणून बनवणाऱ्यांनी त्यातच 'सूचनाकट्टा' काढला होता. तिथे सूचना मांडायची, लोकांनी मत द्यायचं, चांगली असली तर ती खेळात यायची. प्रणालीला खेळापेक्षा कट्ट्याचंच वेड जास्त. कारण तिला राग येई! पाऊस धो धो पडतो आणि मशाल विझत नाही, राग. लढणाऱ्या बाईच्या चिलखताला पोटच नाही, बाण काय पोट सोडून लागतात? राग. गावातल्या सगळ्या बायका विहिरीवर उभ्या राहून फक्त 'वाचवा' म्हणतात, त्याचा तर सगळ्यात जास्त राग.

आणि मग खेळात आली सोन्याच्या संत्र्यांची बाग. रोज पाणी घाला, सोनं तोडा. रोज पाणी! पांढुर्ण्याच्या संत्राबागेत वाढलेल्या पोरीने हे कसं सहन करावं? संत्र्याचा बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, गळतात, रस्त्याने जाणारा माणूस म्हणतो, झाडं मारली यानं. तरी दम धरायचा. आणि मग पाणी सोडलं की सारी बाग फुलते, असा वास सुटतो की गायसुद्धा वाटेत थांबते. तिने लिहिलं — खेळातही असंच करा. खेळाडूने पाणी तोडावं. गावकरी शिव्या देतील, बादल्या घेऊन धावून येतील, त्यांना अडवावं. जो घाबरून पाणी देईल त्याला नुसता पाला. जो थांबेल त्याची बाग एका पहाटे पांढरी होईल. तलवारीने जिंकतात ते सगळेच, जरा धीरानेही जिंकू द्या!

सूचना तिने स्वतःच्या नावाने टाकली होती. 'प्रणाली, पांढुर्णा'. त्यावर दहा जणांनी 'हाय डिअर' केलं, आणि सातपुडा टोळीच्या एका भूप सौंसरकराने खाली लिहिलं, "मॅडम, हा स्वयंपाकाचा गेम नाही. पाणीच घालायचं तर घरी तुळस असेल नं." त्यावर सगळे हसले. सूचना बुडाली.

प्रणाली रडली नाही. तिने खातं बंद केलं आणि आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, जुन्या मोबाइलवर आबांच्याच नावाने नवं उघडलं. श्रावण बारंगे. फोटोही आबांचाच — पांढरी टोपी, पांढऱ्या झुपकेदार मिशा. आणि तीच सूचना, शब्दाला शब्द, पुन्हा टाकली.

चमत्कार! "वा आबा!" "अनुभव बोलतो!" "पाय लागतो, आबा!" — हे शेवटचं कुणाचं? भूप सौंसरकरचं! त्यानेच ती सूचना हिंदीत केली, इंग्रजीत केली, बनवणाऱ्यांपर्यंत पोचवली, आबांना आपल्या टोळीत घेतलं आणि तेव्हापासून रोज 'तब्येत कशी आहे आबा' करत राहिला. ती उत्तरं देत राहिली. रागारागानेच, पण… देत राहिली.

आणि आज सकाळी नीलगडात ताण आला होता. हुबेहूब तिने सांगितला तसा. फक्त बागेच्या दारात, खेळाडूंना शिकवायला, एक नवं पात्र उभं होतं. श्रावणबाबा. पांढरी टोपी. झुपकेदार मिशा!

"तुम्ही पण खेळता?" भूपने विचारलं. त्याने तिची नजर पकडली होती. "पाहा, पाहा! आजच आलं. हे आबा खरे आहेत बरं का, आपल्या पांढुर्ण्याचे! काय डोकं आहे त्यांचं… मी त म्हणतो, असा माणूस पूर्ण मध्य प्रदेशात नसन."

"हो का?" प्रणालीने दात आवळले. "अन् पोरी नाही देत का सूचना?"

"पोरी?" तो खांदे उडवत म्हणाला. "एक होती मागं. पोरींचा काय जी, दोन दिवसांचा नाद. उद्या म्हणतीन घोड्याले वेणी घाला."

भट्टीत लाकूड तडतडलं. प्रणालीच्या डोक्यातही.

ती तोंड उघडणार, तोच त्याचा चेहरा एकाएकी उतरला. "पण सकाळपासून आबाचं उत्तरच नाही आलं. उद्या रविवारी चार वाजता गेम बनवणारे सगळ्यांसमोर आबांशी बोलणार आहेत. मी किती मेसेज टाकले… म्हातारं माणूस आहे. थंडीत सकाळी बोटं आखडतात म्हणत होते. काही झालं त नसन नं?"

आबांचं उत्तर येणार कुठून? आबांचा मोबाइल बंद पडून प्रणालीच्या पर्समध्ये होता. चार्जर यानेच काढला होता!

तिला हसू आलं, ते तिने गिळलं. कारण त्याच्या डोळ्यांत खरीच काळजी होती… इतकी, की तिला आत कुठंतरी हुळहुळल्यासारखं झालं. आणि लगेच त्याचाही राग आला. म्हाताऱ्याच्या बोटांची एवढी काळजी, आणि प्रणालीचं नावसुद्धा ध्यानात नाही!

"मी ओळखते श्रावण बारंग्यांना," ती शांतपणे म्हणाली. फार शांतपणे. "आमच्याच गल्लीतले आहेत. भेटायचं आहे?"

"खरं?" तो इतका उजळला की वांग्याची भाजीही चकाकली असेल. "उद्या येऊ? मी त त्यांच्यासाठी एक वस्तू पण घेऊन ठेवली आहे!"

"ये नं. पत्ता सांगते."

पत्ता घेताना त्याने आपली वायर काढून तिचा चार्जर स्वतःच्या हाताने लावला. वायर देता-घेता बोटाला बोट लागलं, हळदीचा पिवळा डाग तिच्या बोटावरून त्याच्या बोटावर गेला. दोघांनीही तो पाहिला. दोघांनीही न पाहिल्यासारखं केलं.

"तुमचं नाव नाही सांगितलं…"

"नवरीची बहीण," म्हणून प्रणाली मांडवात पळाली.

---

रविवारी तो खरंच आला. पांढुर्ण्याच्या कडेला, बागेला लागून असलेल्या त्या घराचं फाटक उघडून आत आला तेव्हा आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या, बहाराचा वास अंगणभर पसरला होता, आणि आबा खाटेवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. प्रणाली खिडकीच्या पडद्यामागे. तमाशा पाहायची तिची पूर्ण तयारी होती.

भूपेंद्र — हे पूर्ण नाव त्याने काल पत्ता घेताना सांगितलं होतं — सरळ पायांवर वाकला. "आबा! मी भूप! सौंसरचा!"

"खुश राह्य बेटा," आबा म्हणाले. "कोणाचा तू?"

"आबा, मी भूप… आपण दोघांनी मिळून पंखवाला साप मारला नाही का!"

आबांनी घाटे बाजूला ठेवले. "साप? कवा मारला गा?"

"मागच्या महिन्यात! तुम्ही त एकट्यानं त्याची शेपटी तोडली होती!"

"शकुंतला," आबांनी घरात हाक मारली, "पाह्य वं बाई, हा पोट्टा काय म्हणून राहिला. म्या साप मारला म्हणते."

आई पदराला हात पुसत दारात आली. तिला पाहून भूपेंद्र आणखी गोंधळला. त्याने घाईघाईने पिशवीतून मफलर काढला. जाड, तपकिरी, कडेला लाल रेघ. "तुम्ही लिहिलं होतं नं आबा, थंडीत सकाळी बोटं आखडतात. हातमोजे माझ्या आईले जमत नाहीत, म्हणून तिनं हा विणला. मी सांगितलं तिले, माझे एक दोस्त आहेत, वय झालंय…"

आबांनी मफलर गळ्याभोवती गुंडाळून पाहिला. त्यांना तो फार आवडला. "म्या काही लिहिलं नाही बेटा, पण मफलर मस्त हाये."

"तो मफलर माझा आहे!"

पडदा सरला आणि प्रणाली अंगणात. भूपेंद्रने तिच्याकडे पाहिलं — नवरीची बहीण! — मग तिच्या हातातल्या मोबाइलकडे. स्क्रीनवर आबांचा फोटो, 'श्रावण बारंगे', आणि खाली त्याचेच कालचे सात मेसेज.

"बोटं माझी आखडतात," ती म्हणाली. "साप मी मारला. शेपटी मी तोडली. अन् ताणाची सूचना मी दिली! दोनदा दिली. पहिल्यांदा माझ्या नावानं दिली तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतं, वाचा जरा. मोठ्यानं वाचा, आबालेही आयकू द्या."

तिने ते जुनं पान उघडून त्याच्या पुढ्यात धरलं. त्याने वाचलं. मोठ्याने नाही वाचता आलं त्याला. ओठ नुसते हलले, आणि कान गुलाबी फेट्यापेक्षा गुलाबी झाले.

"हे… मी सूचना वाचलीच नव्हती," तो पुटपुटला. "नाव पाहिलं अन् लिहून टाकलं."

"तेच त!" प्रणालीचा आवाज बागेतल्या पाखरांपर्यंत गेला असावा, कारण ती उडाली. "नाव पाहिलं! तेच शब्द, तीच सूचना, पण वर टोपी अन् मिशा आल्या की झाला अनुभव! अन् आता तिथं त्या बागेत कोण उभं आहे? बाबा! मला मिशा नाहीत! मला टोपी नाही! मी अकरावीत आहे, माझं नाव प्रणाली आहे, अन् ते डोकं — ते जे पूर्ण मध्य प्रदेशात नाही म्हणत होते नं तुम्ही — ते माझं आहे!"

मग आबा खाकरले.

"माहा फोटो लावला काय तुनं?" त्यांनी विचारलं. "पुसाचं होतं नं. नागपूरवाला चांगला फोटो देल्ला असता."

"आबा!"

"आता आयक. झाडाचं म्या सांगतलं असन तुले. पण तो खेळ कोणता, मले ठाव नाही. त्याच्यात कसं बसवाचं ते तुनं काढलं. मंग ते तुहं." एवढा निकाल देऊन त्यांनी पुन्हा घाटे ओढले. मफलर मात्र काढला नाही.

भूपेंद्र खाटेच्या कोपऱ्यावर टेकला. "चार वाजता ते बोलणार आहेत," तो हळूच म्हणाला. "शेकडो लोक आयकतीन. एक काम करू का… आबालेच बोलू देऊ. काय बोलायचं ते तू बाजूनं सांग. मतलब, लोकायले बाबा आवडला आहे नं. उगाच आता सगळं बदलवलं अन् त्यायनं ताणच काढून टाकला त? सूचना राहणं महत्त्वाचं आहे, नाव काय…"

प्रणालीने त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ ती ओरडत होती. आता तिचा आवाज खाली आला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"नाव काय? तुमचं नाव सरदार म्हणून वर लिहिलेलं आहे म्हणून तुम्हाले 'नाव काय' वाटते. मी परत कधी सूचना देईन, तेव्हा कोणाचा फोटो लावू? शेजारच्या काकाचा? तुम्ही जा."

"प्रणाली…"

"जा नं. बस आहे साडेतीनची."

तो गेला. फाटक वाजलं. आणि का कोण जाणे, फाटक वाजल्यावर तिला वाटलं, एवढ्या लवकर कसा काय गेला हा? भांडायचं तरी होतं! तिने तोंड धुतलं. आरशात स्वतःकडे पाहिलं. चार वाजता बोलायचं… आपणच. आपल्या आवाजात. हसले तर? परत तुळस म्हणाले तर?

चार वाजायला आले आणि फाटक पुन्हा वाजलं.

तो बागेत गेला होता. बसकडे गेलाच नव्हता. कुर्त्याच्या खांद्यावर संत्र्याची पांढरी फुलं पडली होती, केसांतही एक. "मी बोलतो आधी," तो म्हणाला. "माझ्या मोबाइलवरून. मग तू. तू नको म्हटलं तरी मी बोलणारच आहे. घाण मी केली, झाडू पण मीच मारीन."

"तुमची सरदारकी जाईल."

"जाऊ दे. सरदार होऊन कोणतं तूप मिळून राहिलं होतं?"

तिला परत हसू आलं. या वेळी अर्धं बाहेर सांडलं.

ती सभा म्हणजे मोबाइलमधून येणारे नुसते आवाज. बनवणाऱ्यांच्या धनश्री मॅडम पुण्याहून म्हणाल्या, "श्रावणबाबा आलेत का?" आणि भूपेंद्र बोलू लागला. सुरुवातीला अडखळला. मग त्याने सरळ सांगितलं. सूचना बाबांची नाही. प्रणालीची. तिने ती आधीच दिली होती, ही पाहा, सगळ्यांना पाठवतो. आणि तिच्या खाली ती घाणेरडी कॉमेंट आहे ती माझी आहे, तीही वाचा.

मग आवाजांचा भडका. "भूप, पोरीच्या नादी लागला का रे!" "ही खोटं बोलून राहिली असन." "सरदार, फेटा उतरव!" "बाबाच पाहिजे!" भूपेंद्रच्या मानेवरची शीर तटतटली, पण त्याने मोबाइल खाली ठेवला नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला, भुवया उंचावून. बोलतेस?

प्रणालीने मोबाइल घेतला. राग आला की भीती पळते, हे तिला माहीत होतं, आणि राग तर हाताशीच होता.

"मी प्रणाली बारंगे, पांढुर्णा. तुम्ही सगळ्यांनी काल पाणी तोडून पाहिलं नं? गावकरी बादल्या घेऊन आले तेव्हा छातीत धडधड झाली नं? मजा आली नं? ती मजा मी काढली आहे. काल चांगली होती अन् आज मुलीची निघाली म्हणून खराब झाली का? खराब झाली असन त सांगा, काय खराब आहे ते. सूचना द्या, मी आयकते. पण 'बाबाच पाहिजे' ही काही सूचना नाही!"

कोणी हसलं नाही. कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "बरोबर आहे बे." मग आणखी एक.

धनश्री मॅडम म्हणाल्या, बाबांचा आवाज रेकॉर्ड झालाय, पात्र एकदम बदलता येणार नाही, पुढच्या बदलापर्यंत थांबावं लागेल…

"मग तोवर बागेच्या दारात पाटी लावा," प्रणाली म्हणाली. "'ही युक्ती प्रणाली बारंगेची.' अन् पुढच्या बदलात बाबा राहू द्या, खाटेवर बसू द्या. पण बादल्यावाल्या गावकऱ्यांना अडवायला दारात पोरगी उभी करा. पूर्ण चिलखतातली. पोटासकट!"

पलीकडून हसू आलं, चांगलं हसू. "पाटी आजच लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि पोटासकट चिलखताचं… प्रणाली, ती सूचनाही तुझीच होती का? सांगायचं होतंस गं."

सांगितलं होतं! किती वेळा सांगितलं होतं! पण प्रणालीने या वेळी फक्त मोठा श्वास घेतला, बहाराच्या वासाने भरलेला, आणि खाटेवर मटकन बसली. आबांनी सोललेले हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले.

टोळीने त्याच संध्याकाळी भूपची सरदारकी काढली. तो म्हणाला, डोकं हलकं लागून राहिलं.

---

स्टँडवर सोडायला ती गेली. तशी काही गरज नव्हती, रस्ता सरळ होता. आई म्हणाली, दही घेऊन ये येताना. म्हणून गेली. दह्यासाठी.

उन्हं उतरली होती. संत्र्यांनी भरलेले ट्रक नागपूरकडे निघाले होते. दोघं चालत होते, मध्ये एक सायकल जाईल एवढं अंतर ठेवून.

"तुले एक सांगू?" तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गेलं, कुणालाच कळलं नाही. "सहामाहीत मी गणितात उडालो होतो. घरी सांगायची हिंमत होऊन नव्हती राहिली. आबाले लिहिलं. तुनं काय उत्तर दिलं, आठवते?"

तिला आठवत होतं. "'आईले जेवायच्या आधी सांग. जेवलेला माणूस सावकाश रागावते, अन् मग रात्रभर रागावते.'"

"मी तसंच केलं. आई ओरडली, मग तिलेच भूक लागली, सुटलो." तो थांबला. पायाने एक खडा उगाच ढकलला. "तवापासून मी रोज वाट पाहाले लागलो, आबा काय लिहितीन… शाळेतून आलो का आधी मोबाइल. मलाच समजून नव्हतं राहिलं. हा असा धडधाकट पोट्टा, अन् एका म्हाताऱ्याच्या मेसेजची अशी वाट पाहते! आज अंगणात तू ओरडून राहिली होती, तवा समजलं. मले त्या आबातलं जे आवडत होतं नं… ते तू होती."

प्रणालीच्या कानांत काहीतरी घुमलं. ट्रकचा हॉर्न असेल. नसेलही.

"म्हणजे आता मी मुलगी निघाली म्हणून आवडली!"

"उलटं आहे वं!" तो कळवळून म्हणाला. "आवडत आधीपासून होती. मुलगी आत्ता निघाली!"

सौंसरची बस लागली होती. कंडक्टर ओरडत होता. भूपेंद्र चढला, खिडकीशी बसला, बाहेर वाकला. "काही त बोल."

ती काही बोलेना. शेकडो लोकांसमोर घडाघडा बोललेली पोरगी, आणि आता जीभ टाळूला! बस गुरगुरली. हलली. त्याचा चेहरा खिडकीतून सरकायला लागला, पडलेला, तरी हसण्याचा प्रयत्न करणारा. आणि प्रणालीला राग आला. ड्रायव्हरचा, कंडक्टरचा, साऱ्या जगाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

ती बसच्या बाजूने धावली.

"भूपेंद्र! मले अजून राग आहे तुझा!"

"माहीत आहे!"

"काय माहीत आहे? काही माहीत नाही तुले! बाकीच्या पोट्ट्यांनी पण घाण लिहिलं होतं, त्यांची नावंही मले आठवत नाहीत! तू लिहिलं त्याचाच राग अजून काहून आहे? आवडतोस तू मले, म्हणून येऊन राहिला नं राग!"

पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळ्या माना खिडक्यांकडे वळल्या. कंडक्टरने दोरी ओढली. बस थांबली.

"बाबू," कंडक्टर म्हणाला, "जाऊन राहिला का उतरून राहिला?"

"उतर बाप्पा," मेथीची जुडी मांडीवर घेतलेली एक बाई मागून म्हणाली. "सौंसरले बस रोज जाते."

अख्खी बस हसली. भूपेंद्र उतरला. धूळ उडवत बस गेली, खिडक्यांतले हात हलत राहिले, आणि रस्त्याच्या कडेला दोघंच उरले. मधलं सायकलीएवढं अंतर आता कुठं दिसत नव्हतं.

"उतरला काहून?" प्रणाली लाल होत म्हणाली. नजर त्याच्या बटणावर. "पुढची बस एका तासानं आहे!"

"हो."

"मग? तासभर काय करशील इथं?"

"तू रागव नं," तो म्हणाला. "मी आयकतो."